हाताएवढं पातं

माझ्या नातीने, सायलीने, पर्वरीला भाड्याने फ्लॅट घेतला तेव्हा स्वयंपाकघरातल्या सगळ्या वस्तू तिने मोबाइलवरूनच मागवल्या. कढई, कुकर, चहाची गाळणी, सगळं दारात येऊन पडलं. अडलं ते सुरीपाशी. एकच सुरी घ्यायची, तिनेच सगळं कापायचं, तर पातं सहा इंची घेऊ की आठ इंची, असं तिने मला फोन करून विचारलं. आजी जन्मभर पोस्टात पार्सलं मोजत बसली होती, तिला मापातलं कळत असणार, असा तिचा समज. मी तिला सांगितलं, मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी लाव आणि येईल तेवढं पातं घे. त्याहून आखूड घेतलंस तर भोपळ्याशी कुस्ती करशील, लांब घेतलंस तर मासळीच्या पोटात शिरताना स्वतःचं बोट कापून घेशील. ती हसली आणि गमतीने म्हणाली, "पण हात कोणाचा मोजायचा, माझा की मंदारचा?" मंदार म्हणजे तिचा नवरा. मी काहीतरी बोलून फोन ठेवला. तिची थट्टा होती, पण आमच्या घरात एका उन्हाळ्यात हाच प्रश्न उभा राहिला होता आणि त्याच्या उत्तरावर माझं सगळं पुढचं आयुष्य टांगलेलं होतं. ती हकिगत मी आजवर कोणाला नीट सांगितलेली नाही. सांगणारीला लोक वेडी म्हणतात, आणि पोस्टातल्या बाईला वेडी म्हणवून घेणं परवडत नाही. आता निवृत्त झाले, आता काय ते म्हणा.

आम्ही तेव्हा साखळीच्या अलीकडे, खाणीच्या रस्त्याला लागून राहत होतो. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. ते मूळचे सावंतवाडीकडचे, कामासाठी इकडे गोव्यात आलेले आणि इथलेच झालेले. घर चिऱ्याचं, तीन खोल्यांचं, पुढे पायरी आणि मागे एक नीरफणसाचं झाड. पावसाचे महिने सोडले तर आमच्याकडे सगळ्या गोष्टींचा रंग एकच होता, खाणीच्या मातीचा तांबडा. ट्रक जायचे आणि धूळ घरात यायची. सकाळी पुसलेल्या फडताळावर दुपारी बोटाने नाव लिहिता यायचं. आई पेजेचं भांडं उघडं ठेवू द्यायची नाही, आणि धुतलेले कपडे वाळत घालायचे ते मागच्या बाजूला, तरी माझ्या शाळेच्या पांढऱ्या ब्लाउजला कायम एक गुलाबी झाक असायची. ट्रकांच्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो ऐकूच यायचा नाही. ऐकू यायची ती शांतता. दुपारी जेवायच्या वेळेला खाणीवरचं काम थांबायचं, एकामागून एक ट्रक उभे राहायचे, आणि मग तासभर असं काही सामसूम व्हायचं की शेजारच्या घरात कोणी भाकरी परतली तरी कळावं. पेज, खारा बांगडा भाजलेला, कैरीची फोड असं जेवून माणसं आडवी व्हायची. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा पोंगासुद्धा त्या तासात वाजायचा नाही.

आई मांद्र्याची. आमच्या वाड्यावरच्या सगळ्या बायका आदोळीवर, म्हणजे विळीवर, एक पाय मुडपून बसायच्या आणि नारळापासून मासळीपर्यंत सगळं तिच्यावरच करायच्या. आईच्या माहेरी मात्र सगळं उभ्याने व्हायचं, जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, फळी ठेवून, एका सुरीने. माडाच्या वाळल्या पानाची हीर काढून बाईच्या तळहाताला लावायची, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत तोडायची आणि लोहाराला नेऊन द्यायची. तो तेवढंच पातं घडवायचा. ज्या बाईच्या हाताचं माप, ती त्या घरच्या चुलीची धनीण. ती बाई गेली की तिची सुरी पुरायची नाही, टाकायची नाही. पुढे जी चुलीपुढे उभी राहणार तिच्या हाताएवढी ती तोडून घ्यायची. मोठ्याची लहान होते, लहानाची मोठी होत नाही, तेव्हा सासूपेक्षा सुनेचा हात लांब निघाला तर नवं लोखंड. आईने हा रिवाज सासरी आणला तेव्हा शेजारणींना मोठी गंमत वाटली होती.

तिची पहिली सुरी तिच्या हाताएवढी, आटोपशीर होती. माझी धाकटी बहीण सुमन चालायला लागली त्या सुमारास ती एकदा एकटीच माहेरी जाऊन आली आणि येताना, जुनी मोडली असं सांगून, नवी सुरी घेऊन आली. ही चांगली लांब होती. लोहाराचा अंदाज चुकला म्हणाली. शेजारणी जनेलातून बघून म्हणायच्या, नाकापेक्षा मोती जड. खरंच तिला ती पेलायची नाही. मूठ सोडून ती पात्यावरच पुढे बोट ठेवायची, आणि तरी दोन-चार घाव झाले की टोक फळीवर घासलं जायचं. टक, टक, टक आणि मग खर्र. भाजी कुठलीही असो, चाल तीच. मी अंगणात अभ्यास करताना ती ऐकून सांगू शकायचे की आज लाल भाजी आहे की मुळा. तोडून का घेत नाहीस, असं बाबांनी विचारलं तर म्हणायची, सवय होईल. मला तेव्हा वाटायचं, काय हट्टी बाई आहे.

पुढच्या मार्गशीर्षात आई गेली. पोटात काहीतरी होतं, ते तिने फार दिवस अंगावर काढलं होतं एवढंच आम्हाला मागाहून कळलं. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. सांगायचं ते असं की तिच्या दिवसांना मांद्र्याहून माझी शेवंतीमावशी आली आणि दिवस झाल्यावरही आमच्यासाठी राहिली. मावशी आईहून बरीच थोरली, हाडापेराने दणकट, बोलायला फटकळ. तिचे हात पुरुषासारखे मोठे होते आणि डाव्या हाताच्या बोटांवर जुन्या कापल्याचे पांढरे वण होते. तिने आल्या आल्या घराचा ताबा घेतला. आईची सुरी तिने फडक्यात गुंडाळली, वर सुतळी बांधली आणि वाशाच्या खोबणीत खोचून ठेवली. स्वयंपाकाला तिने शेजारून एक जुनी आदोळी मागून आणली. मेलेल्या बाईच्या मापाच्या सुरीने जेवण करायचं नसतं, असं ती म्हणाली.

पहिल्यांदा आवाज ऐकला तो मी नव्हे, मावशीने. जेवणं झाली होती, ट्रक थांबले होते, मी आणि सुमन पुढच्या खोलीत चटईवर पडलो होतो. मावशी दारात सुपारी कातरत बसली होती. तिचा हात थांबला, म्हणून मी मान वर केली. आणि मग मलाही ऐकू आलं. आतून, स्वयंपाकघरातून, टक, टक, टक, खर्र. घाईचा नाही, चोरटा नाही. रोजच्यासारखा. कोणी भाजी चिरायला घेतली आहे आणि अजून बरीच चिरायची आहे, असा. मला पहिल्या क्षणी भीती वाटली नाही हे मला पक्कं आठवतं. पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. मग माझ्या पाठीवरून काहीतरी सरकत गेलं. मावशी उठली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. आवाज थांबला. आत कोणी नव्हतं. सुरी वर वाशात होती, सुतळीची गाठ तशीच होती.

त्यानंतर तो जवळजवळ रोज यायचा. ट्रक थांबले की यायचा, पहिला ट्रक सुरू झाला की त्याच्या घरघरीत बुडून जायचा. मागच्या झाडावर सुतार पक्षी असेल म्हणून मी जाऊन बघितलं. कौलावर माकड असेल म्हणून बाबांनी शिडी लावली. मग बाबांनी दुपारी जेवायला घरी यायचं बंद केलं, हे मावशीच्या लक्षात आलं आणि माझ्याही. एक गोष्ट मात्र मी दिवसाढवळ्या, स्वतःच्या डोळ्यांनी रोज पाहत होते. आईची फळी जनेलाखाली होती तशीच होती, तिला कोणी हात लावत नव्हतं. फडताळावर धूळ, डब्यांवर धूळ, जनेलाच्या चौकटीवर तांबड्या धुळीचा थर, आणि मधोमध ती फळी, नुकती पुसल्यासारखी स्वच्छ. मी एकदा मुद्दाम अंगणातली मूठभर धूळ तिच्यावर पसरून शाळेत गेले. परत आले तर धूळ नव्हती. मावशीने शपथेवर सांगितलं की तिने पुसली नाही, आणि मावशी शपथ खोटी घेणाऱ्यातली नव्हती.

हे लिहिताना मी मध्येच सुमनला फोन केला. ती म्हापशाला असते, तिलाही आता नातवंडं आहेत. तिला तो आवाज आठवतो का म्हणून विचारलं, तर म्हणाली, मी केवढीशी होते, मला काही आठवत नाही, तू उगाच भुतंखेतं उठवू नकोस. पण गेल्या चतुर्थीला मी तिच्याकडे होते. ती दुकानातल्या लहानशा सुरीने भेंडी चिरत होती आणि दर थोड्या वेळाने सुरीचं टोक फळीवर ओढत होती. त्या सुरीला तसं ओढायचं काही कारणच नव्हतं. मी उठून बाहेर जाऊन बसले.

मावशीचं म्हणणं सरळ होतं. एका संध्याकाळी बाबा पायरीवर बूट काढत होते, तेव्हा तिने ते मांडलं.

"सुरी तिच्या मापाची आसा तवसर ती येतली," ती म्हणाली. "लहान केली की तिका धरूंक मेळची ना. मागीर तिचो जीव मोकळो."

लहान कोणाच्या मापाने करायची, हे तिला सांगावं लागलं नाही. घरात चुलीपुढे उभं राहण्याजोगी एकच होती. मावशीला तिचं स्वतःचं घर होतं, म्हातारे सासू-सासरे होते, ती काही जन्मभर आमच्याकडे राहणार नव्हती. सुमन लहान, बाबा पहाटे जाणार ते अंधार पडल्यावर येणार. मी मॅट्रिकच्या अलीकडच्या वर्गात होते आणि गणितात साखळीच्या शाळेत माझ्यापुढे कोणी नव्हतं. सुरी माझ्या मापाची झाली की ती शाळा संपली, एवढं मला समजत होतं. कोणी मला शाळा सोड म्हटलं नसतं. नुसता हात मोजला असता. बाबा माझ्याकडे न बघता "बघूया" म्हणाले. त्यांचं "बघूया" म्हणजे हो असायचं. मी त्या रात्री सुमनच्या शेजारी पडून स्वतःचा तळहात चाचपत राहिले. आईचा मला राग आला. आपण जायचं ते जायचं आणि वर रोज येऊन माझं नशीब कापत बसायचं, असा तो राग होता. आणि लगेच वाटायचं, सुरी तोडली तर ती उद्यापासून येणार नाही. मला दोन्ही नको होतं.

रविवारी मी, मावशी आणि बाबा निघालो. सुमनला शेजारणीकडे ठेवलं. साखळीहून म्हापशाला, तिथून पेडण्याकडची बस. सुरी मावशीच्या मांडीवर, फडक्यात. बसमध्ये गर्दी होती तरी मावशीच्या शेजारच्या जागेवर बराच वेळ कोणी बसलं नाही, हे मला तेव्हा विचित्र वाटलं. आता वाटतं, मावशीचा चेहरा बघून बसलं नसेल.

लोहाराची शाळ रस्त्यापासून आत, काजूच्या बागेच्या कडेला होती. लोहार म्हातारा, जन्मभर घणाचे आवाज ऐकून बहिरा झालेला. बायकांच्या हाताचं माप त्याची बायको घ्यायची, भागीकाकी. परक्या बाईचा हात पुरुषाने धरायचा नाही म्हणून तशी चालच होती. कोरडी, काटकुळी बाई, कुंकू मोठं. तिने आमचं काम ऐकून घेतलं, आई गेल्याचं कळल्यावर क्षणभर डोळे मिटले, आणि फडकं सोडलं. सुरी हातात घेतल्यावर तिने ती उन्हात धरली, पात्यावरून अंगठा फिरवला, मग नाकाशी नेली.

"हिणें कोण कापता?" तिने विचारलं.

कोणी नाही, असं मावशीने सांगितलं. गेल्यापासून बांधून ठेवली आहे.

भागीकाकीने पुन्हा सुरीकडे पाहिलं. आताच्या वाचणाऱ्यांना सांगायला हवं, की त्या सुऱ्या साध्या लोखंडाच्या. चार दिवस वापरल्या नाहीत तर तांबडी खपली धरायच्या. आमच्याकडची हवा आणि ती धूळ, इतके दिवस फडक्यात राहिलेली सुरी गंजून जायला हवी होती. ती लखलखीत होती. धारेवर हिरवट ओल होती, ताजी भाजी कापल्यावर राहते तशी. बाबांनी मान दुसरीकडे वळवली. भात्याजवळ एवढी धग होती आणि माझे पाय गार पडले होते.

भागीकाकीने जास्त काही विचारलं नाही. तिने माझा हात ओढून घेतला, उताणा केला आणि पातं वर ठेवलं. मनगटाच्या रेघेपासून निघालेलं टोक माझ्या मधल्या बोटाच्या बरंच पुढे गेलं. तिने माझी बोटं एक एक दाबून पाहिली, पेरं पाहिली, मनगटाचं हाड पाहिलं, बाजारात कोंबडी बघतात तसं. मग तिने मावशीला समजावल्यासारखं सांगायला सुरुवात केली. मासळीपुरती सुरी असेल तर बोटाएवढी पुरे. फणस फोडायचा तर कोपरापर्यंतची लागते. पण घरात एकच असेल तर ती तळहाताएवढीच हवी, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही, कारण हाताला आपल्या बोटाचं टोक कुठे आहे ते न बघता कळतं, आणि तेवढ्याच पात्याचं टोकही कळतं. ही मुलगी अजून वाढीची आहे. आज तोडली तर दोन वर्षांत आखूड पडेल.

"हात वाडटलो," ती म्हणाली. "लोखंड वाडचें ना. मागीर जल्मभर तीच."

मावशीने स्वतःच्या नकळत डावा हात पदराखाली घेतला. मला तेव्हा लख्ख कळलं. तिची स्वतःची सुरी मी मांद्र्याला पाहिली होती, एवढीशी, खेळण्यातल्यासारखी. आजी गेली तेव्हा मावशी माझ्याहून लहान होती. तिच्या तेव्हाच्या हाताएवढी ती तोडली गेली होती, आणि ती सासरीही त्याच सुरीने, आता केवढ्यातरी झालेल्या हातांनी, सगळा जन्म भोपळे आणि बोटं कापत आली होती. आई तिची धाकटी. मावशी चुलीपुढे उभी राहिली म्हणून आई शाळेत सातवीपर्यंत गेली.

म्हातारा लोहार भाता सोडून आमच्याकडे बघत होता. मग बाबा पुढे झाले. चाकावर जन्म गेलेल्या माणसाचा तो हात, काळपट, तळव्याला घट्टे पडलेला.

"माजो हात बग," ते म्हणाले.

दादल्याचा हात कसला बघायचा, असं मावशी पुटपुटली. हात दाखवून अवलक्षण, असंही म्हणाली. पण भागीकाकीने त्यांचा हात धरला नाही की नाकारला नाही. तिने सुरी उचलून बाबांकडे दिली आणि त्यांनाच ठेवायला लावली. बाबांनी डाव्या हाताने ती उजव्या तळव्यावर ठेवली. मुठीकडचा भाग मनगटाच्या रेघेवर बसला. टोक मधल्या बोटाच्या टोकावर येऊन थांबलं. पुढे नाही, मागे नाही. लोखंड त्यांच्या हातावर चपखल बसलं.

भागीकाकी ओट्यावर बसली. मग तिने सांगितलं, ते मी तिच्याच शब्दांत लिहिते.

"माप तिणेंच हाडलेलां. हीर घेवन एकलीच इल्ली. मी म्हटलां, बाये, हो तुजो हात न्हय, कोणाचो? तर हासली. म्हणाली, निजलेल्या माणसाचो. ताका सांगू नकात."

आपण जाणार हे आईला कळलं होतं. किती आधी कळलं होतं ते देव जाणे. नवरा झोपलेला असताना तिने त्याच्या उघड्या तळव्यावर माडाची हीर धरली होती आणि तेवढी तोडली होती. मग त्या न पेलणाऱ्या सुरीने ती शेवटपर्यंत भाजी चिरत राहिली, टोक घासत, शेजारणींची थट्टा सोसत, कोणाला काही न बोलता, कारण तिच्या मागे ती तोडायला कोणी लोहाराकडे नेलीच तर तिथे बाबांच्या हाताचं माप सापडावं. मला त्या लोहारशाळेत, त्या धगीत उभ्या उभ्या रडू आलं आणि मी रडले. बाबा रडले नाहीत. ते त्या सुरीकडे, कोणीतरी अंधारात आपला हात धरला आहे असं कळलेल्या माणसासारखे बघत होते.

मावशी सगळ्यात शेवटी बोलली. "माज्या वेळार कोणाक असां सुचलां ना," ती म्हणाली. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि लोहाराला खुणेने सांगितलं की तोडायचं काही नाही.

आठवड्याने मावशी गेली. जाताना तिने बाबांना भात शिजला हे कसं ओळखायचं, हुमणाला, म्हणजे मासळीच्या कालवणाला, त्रिफळं कधी घालायची, कोकमाची सोलं किती भिजवायची, हे सगळं दाराशी उभी राहून सांगितलं आणि ऐकतोस ना रे, असं दर वाक्याला विचारलं. बाबांना कांदा चिरता येत नव्हता. पहाटे कामावर जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर ते फळीपुढे उभे राहायचे आणि वेड्यावाकड्या फोडी करायचे. वाड्यावर थट्टा झाली. खाणीवर त्यांना लोक वयनी म्हणू लागले. मी मदतीला गेले तर बाबा पुस्तकाकडे बोट दाखवायचे. आणि दुपारचा तो आवाज, मावशीला वाटलं होतं सुरी तोडली की थांबेल. सुरी तोडली नव्हती. तो येत राहिला.

मग बाबा दुपारी पुन्हा घरी यायला लागले. जेवून ते झोपायचे नाहीत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचे, डोळे मिटून, कान देऊन. मला पहिल्यांदा वाटलं, दुःखाने बसतात. मग दिसलं, की त्यांचा उजवा हात मांडीवर हलतो आहे. टक, टक, टक, थांब. टक, टक, टक, थांब. ते शिकत होते. घरात तिच्याशिवाय त्यांना शिकवणारं कोणी नव्हतं आणि ती शिकवत होती. मी हे लिहिते आहे आणि माझ्या अंगावर काटा आहे, आणि तरी सांगते, त्या उन्हाळ्यात आमच्या घरात मला कुठल्याही कोपऱ्याचं भय वाटलं नाही. भय वाटायचं ते एवढंच, की हे कधीतरी संपेल.

संपलं ते एका सुट्टीच्या दिवशी. खाण बंद होती, सकाळपासून एकही ट्रक नव्हता. सुमन झोपली होती. मी पुढच्या खोलीत भूमितीचं पुस्तक घेऊन बसले होते आणि बाबा संध्याकाळसाठी लाल भाजी चिरत होते. त्यांचा हात आता बसला होता. सुरी त्यांच्या मापाची, तिचं टोक कुठेही घासायचं नाही, एकसारखा नितळ आवाज यायचा. तो ऐकता ऐकता मला कळलं की आवाज दोन आहेत. बाबांच्या प्रत्येक घावाच्या किंचित मागे, फळीच्याच बाजूने, दुसरा घाव पडत होता. मी उठले आणि दारात गेले. बाबा पाठमोरे होते. त्यांचे खांदे ताठ झाले होते, म्हणजे त्यांनाही ऐकू येत होतं, पण ते थांबले नाहीत. जुडी संपेपर्यंत त्यांनी चिरलं, बारीक, केसासारखं, आईला जसं लागायचं तसं. मग त्यांनी सुरी उचलून धरली. हवेत. फळीवर दुसरे घाव अजून पडत होते. टक. टक. टक. आणि मग लांब, सावकाश, खर्र.

नंतर काहीच नाही. नीरफणसाचं एक पान मागे पडलं ते मला ऐकू आलं. आम्ही दोघं वाट बघत उभे राहिलो, कितीतरी वेळ, आणि काहीच आलं नाही. फळीच्या कोपऱ्यावर जनेलातून धूळ येऊन बसायला लागली होती.

"गेली," बाबा म्हणाले. ते वळले नाहीत. त्यांचा आवाज फुटलेला होता आणि आई गेल्यापासून मी तो तसा पहिल्यांदाच ऐकला. "तू अभ्यासाक बस."

मी जाऊन बसले. आतून त्यांच्या रडण्याचा आवाज येत होता आणि मला पुस्तकातली एक रेघ दिसत नव्हती. तरी मी थोड्या थोड्या वेळाने पान उलटत राहिले, जोरात, त्यांना आत ऐकू जाईल असं.